तालमीतील हात आणि दवाखान्यातील नोंद : सातारा-सांगली परिसरातील वेदनोपचार व क्रीडा-दुखापतींचा इतिहास

प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी त्यांचा अलीकडचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. संस्थानांच्या विलिनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले. दक्षिण साताऱ्यात सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचा प्रदेश समाविष्ट झाला आणि १९६० मध्ये या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात कुस्ती हा ग्रामजीवनाचा अविभाज्य भाग राहिला आहे. गावची तालीम, यात्रेतील कुस्त्यांचे मैदान आणि मैदानावर जिंकलेले इनाम यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले. मात्र मैदानावर निखळलेला खांदा, पिरगळलेला गुडघा आणि उसण भरलेली कंबर यांचे पुढे काय होत असे, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला.

याच प्रश्नाशी निगडित असलेली एक उपचारपद्धती पाश्चात्त्य देशांत ऑस्टिओपॅथी या नावाने रूढ झाली. हाडे, सांधे, स्नायू व पाठीचा कणा यांची हाताने तपासणी करून आणि हातानेच त्यांवर दाब, ताण व हालचाल देऊन वेदना कमी करणे, हे तिचे मुख्य साधन होय. पाठदुखी, मानदुखी व खेळातील दुखापती यांसाठी तिचा आधार घेतला जातो. वरवर पाहता ही पद्धती परकी वाटते. परंतु तिचा उगम ज्या हाडवैद्यकीत आहे, तशी हाडवैद्यकी आपल्याकडेही होती.

प्रस्तुत निबंधात पुढील तीन गोष्टींचा विचार केला आहे.
१) सातारा-सांगली परिसरातील तालमींतील वेदनोपचारांचे स्वरूप समजून घेणे.
२) ऑस्टिओपॅथीच्या संस्थात्मक वाटचालीशी त्याची तुलना करणे.
३) नोंदीच्या अभावाचे या परिसरातील खेळाडूंवर झालेले परिणाम तपासणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कुशल हात दोन्हीकडे होते. फरक पडला तो विद्यालय, पाठ्यपुस्तक, नोंदवही आणि कायदा यांमुळे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी

हाड मोडणे व सांधा निखळणे या दोन गोष्टींतील भेद भारतीय वैद्यकाला फार पूर्वीपासून ज्ञात होता. सुश्रुतसंहितेत भग्नाचे सांधा सुटणे व हाड मोडणे असे दोन मुख्य वर्ग केले असून पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. उपचारात ओढणे, दाबणे, जुळवून घेणे व बांधणे अशा क्रिया येतात. रुग्णास लाकडी फळीवर निजवून अवयव स्थिर करण्याची पद्धतही तेथे आहे. बांधलेली पट्टी ऋतुमानानुसार थंडीत सात, समशीतोष्ण काळात पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी, असा दंडक आहे.

हाताच्या भग्नानंतरची सूचना तर आजच्या वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. रुग्णाने प्रथम शेणाचा गोळा, नंतर मातीचा गोळा आणि हाताला बळ आल्यावर दगड धरावा, असे सुश्रुत सांगतो. दुखावलेल्या अवयवावर भार टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा, हे आधुनिक पुनर्वसनाचे तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

मल्लविद्येचाही लिखित वारसा आपल्याकडे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेशी संबंधित ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ मल्लांचे प्रकार, व्यायाम व आहार यांचे वर्णन करतो. म्हणजेच वैद्याने लिहिले आणि मल्लविद्येच्या जाणकारानेही लिहिले. परंतु या दोन परंपरा जेथे प्रत्यक्ष एकत्र आल्या, त्या गावच्या तालमीत लिहिण्याची रीत रुजली नाही. तेथील विद्या वस्तादाकडून पठ्ठ्याकडे हातानेच गेली.

तालमीतील उपचारांचे स्वरूप

तालमीची रचना ही स्वतःच दुखापत टाळण्याची एक योजना होती. आखाड्यातील तांबडी माती चाळून, तेल, ताक, हळद, लिंबू यांसारखे पदार्थ मिसळून मऊ केली जाई आणि रोज उकरली जाई. जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल व मल्लखांब यांनी मान, खांदे, कंबर व मांड्या तयार होत. लढतीनंतर एकमेकांचे अंग रगडणे हा दिनक्रमाचा भाग होता. लहान पठ्ठ्याने मोठ्या मल्लाची मालिश करावी, या रिवाजात सेवाभाव होता तसेच शिक्षणही होते. कोणता स्नायू कोठे ताठरला आहे, कोणत्या जागी हात लावताच मल्ल अंग आखडून घेतो, याचे ज्ञान कोवळ्या वयातच बोटांना होई.

दुखापतींची भाषाही तालमीने घडविली. मुका मार, लचक, मुरगळणे, शीर चढणे, उसण भरणे, चमक निघणे, सांधा उतरणे हे शब्द आजही या परिसरात सर्रास वापरले जातात. प्रत्येक शब्दामागे वेगळी संवेदना आहे व तिच्यासाठी वेगळा उपाय आहे. मुका मार लागल्यास हळदीचा गरम लेप, लचक भरल्यास तेल लावून हलक्या हाताने चोळणे व शेक देणे, सांधा उतरल्यास जाणत्या वस्तादाने किंवा हाडवैद्याने तो ओढून बसविणे, असा साधारण क्रम असे. धोबीपछाड, ढाक, कलाजंग यांसारख्या डावांत खांदा, मान व बरगड्यांवर आघात होतो, तर पट काढताना व पटातून सुटताना गुडघ्याला पीळ बसतो. डाव शिकविणाऱ्या वस्तादास त्या डावाची दुखापतही माहीत असे. किंबहुना डाव व उपचार ही एकाच विद्येची दोन अंगे होती.

तालमीबाहेरही हाताने वेदना शमविणारे लोक गावोगाव होते. न्हाव्याचे काम केवळ हजामतीपुरते मर्यादित नव्हते. अंग चोळून देणे हेही त्यात मोडत असे. वैदू तुंबडी लावून दुखरा भाग मोकळा करीत. मेंढरांचे मोडलेले पाय बांधणाऱ्या धनगराचा सल्ला माणसांसाठीही घेतला जाई. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीने कंबरेला पाय लावल्यास उसण जाते, हा समज तर सर्वदूर होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातही पायाळू जन्मलेल्या व्यक्तीने पाठीवर पाय दिल्यास कंबरदुखी बरी होते, अशी समजूत आढळते. त्यामुळे हा केवळ एका प्रदेशाचा भाबडेपणा ठरत नाही. पाठीच्या वेदनेवर दाब हा उपाय दोन दूरच्या लोकसमूहांनी शोधला आणि दोघांनीही त्याला दैवी कारण जोडले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. निखळलेला सांधा व मोडलेले हाड यांतील फरक केवळ बोटांनी ओळखताना चूक होऊ शकते. हाड मोडलेले असताना जोराने चोळल्यास इजा वाढते. कामट्यांची पट्टी फार घट्ट आवळल्यास रक्तप्रवाह खुंटून हात वा पाय सडण्याची व प्रसंगी तो कापावा लागण्याची आपत्ती ओढवते, हे भारतातील अस्थिरोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदविले आहे. तालमीतील यशाच्या कथा सांगितल्या गेल्या. अपयशाचा हिशेब कोणी ठेवला नाही. बरा झालेला मल्ल पुन्हा मैदानात दिसे, न झालेला मल्ल शेतावर परत जाई आणि तालमीच्या स्मरणातून पुसला जाई.

कर्क्सव्हिल येथील प्रयोग

याच सुमारास अमेरिकेत घडलेला घटनाक्रम तुलनेसाठी उपयुक्त आहे. अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८-१९१७) हा सीमावर्ती प्रदेशात वैद्यकी करणारा गृहस्थ. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुले दगावली आणि तत्कालीन औषधोपचारांवरचा त्याचा विश्वास उडाला. तत्कालीन वैद्यकात पारायुक्त औषधे, रेचके व रक्तमोक्षण यांचा अतिरेक होता, हे लक्षात घेता त्याची ही प्रतिक्रिया अनाकलनीय नाही. शरीराची रचना बिघडली की कार्य बिघडते आणि रचना हाताने सुधारता येते, हा विचार त्याने १८७४ पासून मांडण्यास प्रारंभ केला. काही काळ त्याने फिरता हाडवैद्य म्हणून आपली जाहिरात केली होती, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

गावोगाव फिरून सांधे बसविणारा हा मनुष्य १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे विद्यालय स्थापन करतो. तेथे शरीररचनाशास्त्र हा पायाभूत विषय ठरतो आणि आरंभापासूनच स्त्रियांनाही प्रवेश मिळतो. १८९६ मध्ये व्हरमाँट राज्याने या व्यवसायास कायदेशीर मान्यता दिली. स्टिलचा शिष्य जॉन मार्टिन लिटलजॉन याने १९१७ मध्ये लंडन येथे ब्रिटिश विद्यालय सुरू केले. ब्रिटनमध्ये कायदेशीर नोंदणीसाठी मात्र दीर्घ प्रतीक्षा करावी लागली; १९३५ मधील प्रयत्न फसला आणि १९९३ मध्ये कायदा झाला. अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीचे पदवीधर पुढे औषधे व शस्त्रक्रिया यांसह संपूर्ण वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉक्टर बनले. अन्य देशांत ही पद्धती मुख्यतः हस्तोपचारापुरती राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये तिच्या प्रशिक्षणाचे किमान निकष प्रसिद्ध केले.

ब्रिटनमधील डॉक्टर व हाडवैद्य यांचे संबंधही लक्षणीय आहेत. विख्यात शल्यवैद्य सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये हाडवैद्य बऱ्या करीत असलेल्या रुग्णांविषयी व्याख्यान देऊन, त्यांच्यात जे ग्राह्य असेल ते शिकावे व जे घातक असेल ते टाळावे, अशी भूमिका घेतली. १८७१ मध्ये वॉर्टन हूड या डॉक्टराने एका हाडवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घेतलेली तंत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८९४ मध्ये लंडनमधील चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. तीच पुढे ब्रिटनमधील भौतिकोपचार व्यवसायाची मध्यवर्ती संस्था झाली. तात्पर्य, मालिश, हाडवैद्यकी व शल्यवैद्यक यांच्यात तेथे भांडणे झाली. पण ती भांडणे कागदावर झाली. म्हणून प्रत्येक पिढीला मागच्या पिढीच्या चुका वाचता आल्या.

औंध, मिरज आणि बडोदा : संस्थानी काळातील प्रयत्न

सातारा-सांगली परिसरात शरीरविषयक ज्ञानाला संस्थात्मक रूप देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा केलेला प्रसार हे त्याचे ठळक उदाहरण होय. आरंभी त्यांनी युजेन सँडो या युरोपीय बलोपासकाच्या पद्धतीने व्यायाम केला आणि नंतर, मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रेरणेने, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले आणि १९३८ मध्ये लंडनहून त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. कणा लवचिक ठेवण्याची एक देशी पद्धत या परिसरातून जगापुढे गेली ती एका संस्थानिकाने ती लिहून काढली म्हणून. आखाड्यातील मालिशीला असा लेखक लाभला नाही.

मिरजेत याच काळात वेगळी घडामोड चालू होती. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. योगायोगाने कर्क्सव्हिलच्या विद्यालयानंतर दोन वर्षांनी व लंडनमधील उपरोल्लिखित संस्थेच्या स्थापनेच्याच वर्षी हे घडले. शस्त्रक्रियेसाठी या रुग्णालयाची ख्याती दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात पसरली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि ते तंत्र जसजसे रुग्णालयांत पोहोचले, तसतसा मोडलेले हाड व उतरलेला सांधा यांतील संशय दूर होऊ लागला. तथापि, मिशन दवाखाना व तालीम यांच्यात पॅजेट व हूड यांनी केला तसा संवाद घडला नाही. हाडवैद्याकडून बिघडलेला रुग्ण डॉक्टरांपुढे येई. बरा झालेला येत नसे. त्यामुळे हाडवैद्यकीविषयी डॉक्टरांचे मत प्रतिकूल होणे स्वाभाविक होते आणि डॉक्टर म्हणजे कापाकापी, ही ग्रामीण माणसाची भीतीही तशीच राहिली.

मराठी भाषकांच्याच जगात, परंतु या परिसराबाहेर, बडोद्यास आखाडा व अस्थिचिकित्सा यांचा मेळ घातला गेला होता. जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव हे व्यायामशिक्षक म्हणून जसे विख्यात होते, तसेच हाडे बसविण्यातील त्यांच्या कौशल्यासाठीही त्यांचा लौकिक होता. त्यांच्याकडे शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगक्रियांचे मापन व नोंदी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. या प्रयत्नांतून एक गोष्ट सिद्ध होते. तालमीत वाढलेल्या माणसास प्रयोगशाळा व ग्रंथ यांचे वावडे नव्हते. राजाश्रय व संस्था लाभल्यास तो नोंद करू शकत होता.

विलिनीकरण आणि खाशाबांचा गुडघा

१९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि कुस्तीचा राजाश्रय संपला. त्यापूर्वी मल्लाचा खुराक व निवास यांची सोय संस्थानाकडून होत असे. जायबंदी झालेल्यासही थोडाफार आधार असे. पुढील काळात परिसरातील काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन ही पोकळी अंशतः भरून काढली. मधल्या काळातील मल्ल मात्र दोन व्यवस्थांच्या सांध्यात सापडला. जुना आश्रय गेलेला आणि नवा क्रीडावैद्यकाचा आधार अद्याप आलेला नाही, अशी ती अवस्था होती.

खाशाबा दादासाहेब जाधव यांची कारकीर्द नेमकी याच काळातील आहे. कराडजवळील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल असल्याने तालमीचे संस्कार घरातच होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरील कुस्तीचा फारसा सराव नसताना त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा उभा करताना गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

हेलसिंकीतील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ झुंज दिल्यानंतर लगेचच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह याच्याशी लढण्यास उतरावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु त्यासाठी आग्रह धरणारा भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे उपस्थित नव्हता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. हा प्रसंग सामान्यतः प्रशासकीय अनास्थेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. वेदनोपचाराच्या इतिहासात त्याचा आणखी एक अर्थ आहे. तालमीत लढत संपताच चार हात मल्लाच्या अंगाला लागत. हेलसिंकीत ते हात नव्हते आणि त्यांची जागा घेणारी नवी व्यवस्थाही नव्हती.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची आकांक्षा त्यांनी बाळगली होती. तथापि, त्यापूर्वी गुडघ्यास झालेल्या गंभीर दुखापतीमुळे त्यांना मेलबर्नला जाता आले नाही. ऐन तिशीतील मल्लाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथे संपली. त्यांच्यावरील परिचयपर लेखनात या दुखापतीस बहुधा एकच वाक्य मिळते. पदकासाठी गहाण पडलेल्या घराची रक्कम सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या गुडघ्याने दुसऱ्या पदकाची शक्यता संपविली, त्याची कथा लोकस्मृतीत उरली नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. सन्मान मुख्यतः मरणोत्तर आले. दिल्लीतील कुस्ती संकुलास २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्याच पिढीतील मल्लांनी या मातीचे सामर्थ्य पुढेही दाखविले. सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर व कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीही १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य पदक मिळविले. त्या काळात मल्ल मातीवर तयार होत आणि गादीवर लढत. मातीत पाय रुतण्याची सवय असलेल्या मल्लास गादीवरची पकड, वेग व पीळ नवा होता. दुखापतीचे स्वरूप बदलत होते; उपचार मात्र बव्हंशी जुनेच होते.

भौतिकोपचाराचे आगमन

भारतात वेदना व अपंगत्व यांवरील बिगर-शस्त्रक्रिया उपचारांचे औपचारिक शिक्षण स्वातंत्र्यानंतर मुंबईत सुरू झाले. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय स्थापन केले. जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमला निंबकर झाल्या. त्यांच्या कुटुंबाचा सातारा जिल्ह्यातील फलटणशी निकटचा संबंध असून तेथील कमला निंबकर बालभवन हे विद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाठोपाठ केईएममध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. तत्कालीन निकड पोलिओची होती, खेळाची नव्हती. तरीही स्नायूंचे बळ मोजणे, सांध्याची हालचाल अंशांत नोंदविणे व व्यायामाची पायरी ठरविणे ही शिस्त येथून रुजली. १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाल्यावर प्रशिक्षणास शास्त्रीय बैठक मिळू लागली.

१९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आले आणि कालांतराने तेथे भौतिकोपचाराचे महाविद्यालयही उभे राहिले. गोळेश्वरपासून हाकेच्या अंतरावर आज सांध्यांच्या दुखापतींचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण दिले जाते, ही ऐतिहासिकदृष्ट्या बोलकी बाब आहे. राज्याच्या २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद केली आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांत भौतिकोपचारास स्वतंत्र स्थान दिले. ऑस्टिओपॅथीची काही हस्ततंत्रे याच मार्गाने, भौतिकोपचारकांच्या प्रशिक्षणातून, आपल्याकडे पोहोचली. कर्क्सव्हिलच्या हाडवैद्याची विद्या कराड-मिरजेस आली ती पुस्तकातून. गोळेश्वरच्या आखाड्यातील विद्या मात्र शेजारच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचली नाही.

दुसरा गुडघा

या परिवर्तनाचे मोल स्पष्ट करणारे उदाहरण सांगलीतच सापडते. सांगलीत वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधना यांना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत खेळताना गुडघ्यातील महत्त्वाच्या लिगामेंटची दुखापत झाली. खेळाडू जिला ‘एसीएल’ची दुखापत म्हणून ओळखतात व जिची धास्ती घेतात, ती हीच. शस्त्रक्रिया व बंगळूर येथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीतील पुनर्वसनानंतर त्या थेट विश्वचषकात उतरल्या. २४ जून २०१७ रोजी त्यांनी इंग्लंडविरुद्ध ९० आणि २९ जून रोजी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या.

सुमारे सहा दशकांच्या अंतराने, कृष्णाकाठच्या दोन खेळाडूंच्या दोन गुडघ्यांचे भवितव्य इतके भिन्न झाले. दोघांचे खेळ, काळ व दुखापती वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर ठरणार नाही. परंतु एक भेद निर्विवाद आहे. २०१७ मधील गुडघ्यामागे निदानाची प्रतिमा, शस्त्रक्रियेची पद्धत, दर आठवड्याची उद्दिष्टे आणि त्यांची नोंद होती. पूर्वी अशाच गुडघ्यांवर झालेल्या उपचारांचा जगभरचा लेखाजोखा उपचारकांपुढे होता. हा लेखाजोखा हेच संस्थात्मक ज्ञानाचे खरे सामर्थ्य होय.

पुराव्याचा प्रश्न

ऑस्टिओपॅथीचे अथवा तालमीतील उपचारांचे सरसकट समर्थन करणे इतिहासाच्या अभ्यासकास शक्य नाही. कण्याची रचना सुधारल्यास सर्व रोग बरे होतात, हा स्टिलचा व्यापक दावा टिकला नाही. कवटीच्या हाडांवर सूक्ष्म दाब देऊन उपचार करण्याच्या शाखेस भक्कम आधार मिळालेला नाही. कंबरदुखीवर ऑस्टिओपॅथीच्या हस्तोपचारांचा उपयोग होतो. पण तो मर्यादित आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील ४०० रुग्णांवरील चाचणीत खऱ्या हस्तोपचाराचा परिणाम लुटुपुटुच्या उपचारापेक्षा किंचितच अधिक आढळला आणि तो फरक रुग्णाच्या दृष्टीने कितपत अर्थपूर्ण आहे, हे अनिश्चित राहिले. मानेला झटका देण्याच्या तंत्राने क्वचित रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात होण्याचा धोकाही वैद्यकाने नोंदविला आहे.

येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा असा की, ऑस्टिओपॅथीच्या मर्यादा आपल्याला सांगता येतात, कारण ती मोजली गेली. तालमीतील उपचारांविषयी ते गुणकारी होते असेही आकड्यांनिशी सांगता येत नाही आणि निरुपयोगी होते असेही नाही. दुसरीकडे, देशी उपाय परदेशी वेष धारण करून आल्यावरच त्यास प्रतिष्ठा मिळते, असाही अनुभव आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या अंगावरील गोल वळ जगाने पाहिले आणि ‘कपिंग’ हा शब्द शहरी व्यायामशाळांत रूढ झाला. वैदूची तुंबडी ती हीच, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. अर्थात कपिंगच्या परिणामकारकतेचा पुरावाही अद्याप दुबळाच आहे. प्रतिष्ठा व पुरावा या दोन भिन्न गोष्टी होत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, सातारा-सांगली परिसरात स्नायू व सांध्यांच्या वेदनेवर हाताने उपचार करण्याची समृद्ध परंपरा होती आणि तिचे केंद्र तालीम हे होते. दुसरा, ऑस्टिओपॅथीचा उगमही अशाच हाडवैद्यकीत असून, विद्यालय, ग्रंथ, नोंदणी व कायदा यांमुळे तिचे व्यवसायात रूपांतर झाले. तिसरा, औंध व बडोदा येथील उदाहरणांवरून दिसते की येथील समाजात नोंदीची क्षमता होती. परंतु आखाड्यातील उपचारांना संस्थेचा आश्रय मिळाला नाही. चौथा, या अभावाची किंमत खेळाडूंनी मोजली. ती किंमत दुहेरी होती. चांगले तंत्र वस्तादाबरोबर लोपले आणि घातक तंत्र अडविणारे कोणी नसल्याने चालू राहिले.

२०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात भरली तेव्हा माती व गादी असे दोन्ही गट त्यात होते. म्हणजे मातीवरची कुस्ती अजून जिवंत आहे आणि मालिश करणारे अनुभवी हातही अनेक तालमींत अद्याप आहेत. मात्र ते हात वृद्ध होत चालले आहेत. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत इतिहास, शारीरिक शिक्षण, मराठी व भौतिकोपचार हे सर्व विभाग उपलब्ध आहेत. वस्तादांच्या मुलाखती, तालमीतील दुखापतींचा शब्दसंग्रह, वापरल्या जाणाऱ्या तंत्रांचे चित्रण आणि त्यांचे वैद्यकीय परीक्षण हे काम या विभागांनी एकत्र येऊन हाती घेतल्यास, गौरव वा उपहास यांच्या पलीकडे जाऊन या विद्येचे मूल्यमापन करता येईल. काही तंत्रे टिकतील, काही टाकून द्यावी लागतील. खाशाबांच्या गुडघ्यावर काय उपचार झाले, ते आज कोणास सांगता येणार नाही. परंतु उद्या आखाड्यात जायबंदी होणाऱ्या पठ्ठ्याविषयी हेच वाक्य पुन्हा लिहावे लागू नये, एवढी दक्षता या परिसरातील महाविद्यालयांना निश्चितच घेता येईल.